मंत्र्यांची फाइल आणि आप्पांचं सोयाबीन

(जळकोटला मुलांसमोर मारलेल्या गप्पांचा हा लेखी मजकूर. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी भाषा तशीच ठेवली आहे.)



आधी एक खुलासा, कारण बाहेरगावचे श्रोते दरवेळी चुकतात. लातूर जिल्ह्यात जळकोट नावाचा तालुका आहे, तो वेगळा. मी बोलतोय ते जळकोट धाराशिव जिल्ह्यातलं, तुळजापूर तालुक्यातलं. सोलापूर-हैदराबाद हायवेवर, नळदुर्गच्या जवळ. आपलं गाव.

आज मला एका परिषदेबद्दल बोलायचंय. नाव ऐकून पळू नका. जागतिक व्यापार संघटना, म्हणजे डब्ल्यूटीओ, तिची मंत्रिस्तरीय परिषद. तिथं आपला मंत्री जातो, त्याआधी दिल्लीत त्याची काय तयारी चालते, आणि त्या तयारीत आपण कुठं असतो, एवढंच आज बघायचं. पण सुरुवात आपल्या रानातून करू.

ऑगस्ट २०२१. माझे चुलते, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, बांधावर उभे होते. सोयाबीन शेंगांनी भरत होतं. माझ्या चुलतभावानं मोबाइलवर लातूरचा भाव दाखवला. क्विंटलला दहा हजारांच्या घरात! तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना तो ऑगस्ट आठवत असेल. प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच फोटो फिरत होता. आप्पा म्हणाले, "दहा नको रे. आठ जरी मिळालं तरी बँकेचं मिटतंय, आणि पोरीचं पण बघता येतंय."

पुढं रास झाली, पोती मोंढ्यात गेली, तोवर भाव पाच-सहा हजारांवर आला होता. आप्पांनी आडतीतून मिळालेली पट्टी माझ्यापुढं धरली आणि विचारलं, "तू शिकलेला हैस. सांग, मधल्या दोन महिन्यांत झालं काय?"

मला सांगता आलं नाही. हा भाग म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

परिषद चार दिवसांची, तयारी दोन वर्षांची

डब्ल्यूटीओ १ जानेवारी १९९५ ला सुरू झाली. आज तिचे १६६ सदस्य आहेत. कोणता देश आयातीवर जास्तीत जास्त किती शुल्क लावू शकतो, शेतकऱ्याला किती आणि कशी मदत देऊ शकतो, याचे नियम तिथं ठरतात. साधारण दर दोन वर्षांनी सगळ्या देशांचे व्यापारमंत्री एकत्र बसतात, तीच मंत्रिस्तरीय परिषद. निर्णय सहमतीनं होतात. एखादा देश अडून बसला तर गाडी पुढं सरकत नाही.

टीव्हीवर आपल्याला काय दिसतं? मंत्री विमानातून उतरले, हस्तांदोलन केलं, भाषण झालं. आपल्याला वाटतं, निर्णय तिथंच होत असेल. खरं काम बरंच आधी झालेलं असतं. जिनिव्हात भारताचं कायमचं शिष्टमंडळ बसलेलं असतं. ते महिनोन्‌महिने एकेका वाक्यावर भांडत असतात. मसुद्यात जे शब्द सगळ्यांना मान्य नाहीत ते चौकटी कंसात ठेवायची तिथली पद्धत आहे. मंत्री पोचतो तेव्हा त्याच्या हातात असा कंसांनी भरलेला कागद असतो. कुठला कंस काढायचा, कुठला राहू द्यायचा आणि कुठल्या शब्दावर उठून यायचं, एवढंच त्या चार दिवसांत ठरतं.

म्हणून तयारीत तीन गोष्टी लागतात. पहिली, आकडा. दुसरी, सोबती. तिसरी, रेघ, म्हणजे याच्या मागं आम्ही सरकणार नाही ती जागा. लग्नाच्या बैठकीला जाणाऱ्या मामासारखं आहे हे. देण्याघेण्याचा हिशोब पाठ पाहिजे, आपल्या बाजूनं बोलणारी चार माणसं पाहिजेत, आणि कुठं उठायचं ते घरून ठरवून निघायला पाहिजे.

प्रभूंचे तीन महिने

एक खरं उदाहरण घेऊ, आणि तेही मराठी माणसाचं. सप्टेंबर २०१७ मध्ये कोकणातले सुरेश प्रभू देशाचे वाणिज्यमंत्री झाले. डिसेंबरमध्ये अर्जेंटिनात, ब्युनॉस आयर्सला अकरावी परिषद होती. हातात तीन महिने. त्याआधीचं ते रेल्वेमंत्री, म्हणजे विषय पूर्ण वेगळा.

मुख्य भांडण होतं सरकारी धान्यसाठ्याचं. सरकार हमीभावानं गहू-तांदूळ विकत घेतं आणि रेशनवर देतं. आज सुमारे ८० कोटी लोकांना त्यातून फुकट धान्य मिळतं, आपल्या गावातलं रेशन दुकानही त्याच साखळीतलं. डब्ल्यूटीओचा नियम सांगतो की विकसनशील देशानं एखाद्या पिकाला अशी मदत द्यायची ती त्याच्या उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्क्यांपर्यंतच. आता गंमत बघा. मदत किती झाली हे मोजायला ते आजचा बाजारभाव धरत नाहीत. १९८६ ते ८८ या काळातली किंमत धरतात! तेव्हाच्या किमतीशी आजचा हमीभाव ताडून बघितला तर मदत डोंगराएवढी दिसणारच.

२०१३ मध्ये बालीच्या परिषदेत भारतानं यावर एक कवच मिळवलं, त्याला शांतता कलम म्हणतात. मर्यादा ओलांडली तरी, काही अटी पाळल्या तर, कुणी तक्रार घेऊन जायचं नाही. कायमचा तोडगा निघेपर्यंत ते चालू राहील असं २०१४ मध्ये ठरलं. हे कवच शोभेचं नाही. २०१८-१९ च्या तांदळाची मर्यादा ओलांडली गेली तेव्हा भारतानं ते खरोखर वापरलं.

प्रभूंच्या फाइलीत मागणी होती ती कायमच्या तोडग्याची. आता तीन गोष्टी लावून बघा.

आकडा: जुलै २०१७ मध्येच भारत आणि चीननं मिळून डब्ल्यूटीओत एक कागद दिला होता. त्यात हिशोब मांडला होता की बाजार बिघडवणारं अनुदान देण्याची जगभरात जेवढी मुभा आहे, तिच्यातला ९० टक्क्यांहून जास्त वाटा अमेरिका, युरोपीय संघ आणि कॅनडा या श्रीमंतांकडे आहे, सुमारे १६० अब्ज डॉलरचा. म्हणजे आमच्याकडे बोट दाखवणाऱ्यांनो, आधी स्वतःचं ताट बघा.

सोबती: जी-३३ नावाचा विकसनशील देशांचा गट भारताबरोबर होता. परिषदेआधी ऑक्टोबरमध्ये मोरोक्कोत, मराकेशला मोजक्या मंत्र्यांची छोटी बैठक झाली, तिथंही प्रभू जाऊन आले.

रेघ: कायमचा तोडगा आधी, नवे विषय नंतर.

आणि निकाल? १० ते १३ डिसेंबर परिषद चालली. अमेरिकेनं तोडग्याला नकार दिला. जाहीरनामा निघालाच नाही. पेपरांनी लिहिलं, परिषद फसली. पण भारताचं जे होतं ते गेलं नाही. शांतता कलम तसंच राहिलं, आजही आहे. तयारीचा उपयोग कधीकधी एवढाच असतो की घरचं हातातून सुटत नाही. क्रिकेटमध्ये ड्रॉ काढतात तसा.

४५ नावाची भिंत

आता तुम्ही म्हणाल, गहू-तांदूळ ठीक आहे, आपल्या सोयाबीनचं काय? इथं मी तुम्हाला एक आकडा सांगतो. पंचेचाळीस. लक्षात ठेवा.

डब्ल्यूटीओ स्थापन करणारा करार एप्रिल १९९४ मध्ये सही झाला, त्याच मराकेशमध्ये. प्रत्येक देशानं आपल्या मालाचा एक तक्ता दिला: या वस्तूवर आम्ही जास्तीत जास्त इतकंच आयात शुल्क लावू. भारताच्या तक्त्यात पामतेलासमोर ३०० टक्के आहे. सोयातेलासमोर फक्त ४५. तेव्हा आपल्या शिवारात ज्वारी, उडीद, मूग होता, सोयाबीनचं आजच्यासारखं राज्य नव्हतं. ४५ हा आकडा पुढं जळकोटच्या माणसाला आडवा येईल, असं त्या वेळी कुणाच्या ध्यानीमनी असणार?

आडवा कसा येतो ते बघा. सोयाबीनमधून दोन गोष्टी निघतात, तेल आणि पेंड. बाहेरून स्वस्त तेल आलं की आपल्या मिलवाल्याला इथलं बी चढ्या भावानं घेणं परवडत नाही. मग सरकार तेलावरचं आयात शुल्क वाढवतं. १७ नोव्हेंबर २०१७ ला, ब्युनॉस आयर्सच्या परिषदेला महिनाही उरला नव्हता तेव्हा, सरकारनं कच्च्या सोयातेलावरचं शुल्क साडेसतरावरून ३० टक्के केलं. योगायोग असा की अर्जेंटिना हाच भारताला सोयातेल पुरवणारा मोठा देश. म्हणजे पाहुणा जेवायला निघाला आणि निघता निघता यजमानाच्या मालावर कर वाढवून गेला!

पुढं २०१८ मध्ये शुद्ध पामतेलावरचं शुल्क ५४ टक्क्यांपर्यंत नेलं. शुद्ध सोयातेलावरचं नेलं ४५ पर्यंत, आणि तिथं थांबलं. कारण भिंत. ती भिंत पाडायची तर ज्या देशांचं नुकसान होतं त्यांना बदल्यात दुसरं काही द्यावं लागतं. एका सहीची किंमत चोवीस वर्षांनी कळली.

प्रामाणिकपणे दुसरी बाजू पण सांगतो. आज आपलं दुखणं ती भिंत नाही. मे २०२५ अखेर सरकारनं कच्च्या तेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. भिंतीच्या कितीतरी अलीकडं. का? तेल महाग झालं म्हणून. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. आप्पा सोयाबीन विकतात, पण काकू दर महिन्याला तेलाची पिशवी विकत आणतात. पुण्या-मुंबईत आपली जी पोरं खोली करून राहतात ती तर फक्त विकतच घेतात. मंत्र्याला दोन्हीकडं बघावं लागतं. प्रश्न एवढाच आहे की बघताना त्याच्या टेबलावर कुणाचा कागद वर असतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये काय झालं?

आता आप्पांच्या प्रश्नाकडं येऊ. सोयाबीन दहा हजारांवर गेलं तेव्हा पेंडही महागली. पेंड हे कोंबड्यांचं खाद्य. कुक्कुटपालन करणाऱ्यांचं कंबरडं मोडत होतं, हे खोटं नाही. त्यांच्या संघटना दिल्लीत गेल्या. एक किलो कोंबडी तयार करायला खाद्याचा खर्च किती, तो किती वाढला, किती टन पेंड कमी पडतेय, सगळं कागदावर मांडून गेल्या. २४ ऑगस्ट २०२१ ला सरकारनं १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. जीएम सोयाबीन पिकवायला आपल्या शेतकऱ्याला परवानगी नाही, पण त्याची पेंड आणायला मिळाली.

भाव पडायला तेवढं एकच कारण नव्हतं. नवा माल बाजारात यायची वेळ झाली होती, तो आला की भाव उतरतोच. पण परवानगीची बातमी आली आणि उतार लागला, हे मोंढ्यात उभ्या असलेल्या प्रत्येकानं पाहिलं.

मला त्यांचा राग येत नाही. ते तयार होते. आकडा, सोबती, रेघ, तिन्ही गोष्टी त्यांच्याकडं होत्या. आपल्याकडं काय होतं? व्हॉट्सॲपवर फिरणारा भावाचा फोटो.

फाइल पुन्हा तयार होते

चौदावी परिषद २६ ते २९ मार्च २०२६ या तारखांना ठरली होती. जागा होती याऊंदे, आफ्रिकेतल्या कॅमेरूनची राजधानी. वाणिज्यमंत्री पीयूष गोयल, मुंबईतून निवडून आलेले. २०२४ मध्ये अबू धाबीला तेरावी परिषद झाली, तिथं शेतीवर एकमत झालंच नाही. धान्यसाठ्याचा तोच जुना प्रश्न पुढं चौदाव्या परिषदेसाठी राहिला.

आणि एक विषय थेट तुमच्या हातातल्या फोनचा. १९९८ मध्ये सगळ्या देशांनी ठरवलं की इंटरनेटवरून सीमा ओलांडून येणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे सॉफ्टवेअर, गेम, सिनेमा, गाणी यांच्यावर सीमाशुल्क लावायचं नाही. ही सूट दरवेळी थोडी थोडी वाढवत आणली. अबू धाबीत ठरलं की ती चौदाव्या परिषदेपर्यंत किंवा ३१ मार्च २०२६ पर्यंत, जे आधी येईल तोपर्यंत. भारत म्हणत आलाय की यात आमचा महसूल बुडतो आणि फायदा मोठ्या परदेशी कंपन्यांचा होतो. दुसरी बाजू म्हणते, शुल्क लावलं तर भार शेवटी वापरणाऱ्यावरच पडेल. तुम्ही कुठल्या बाजूचे? विचार करा. म्हणजे आप्पांचं रेशन आणि तुमचा फोन, दोन्ही एकाच फाइलीत होते.

आपला आकडा कुठाय?

मागच्या दिवाळीत मी आणि चुलतभाऊ आप्पांच्या पुढ्यात वही घेऊन बसलो. म्हटलं, "आप्पा, एक क्विंटल सोयाबीन पिकवायला तुम्हाला खर्च किती येतो?"

आप्पा गप्प. मग म्हणाले, "लई येतो."

"लई म्हंजे किती?"

लिहायला सुरुवात केली. बियाण्याची बॅग. खत. तणनाशक. फवारण्या किती? तीन... नाही, चार. काढणी उक्ती दिली होती. मळणीयंत्राचं भाडं. टेम्पो. हमाली, तोलाई. बियाण्याची पावती सापडली, खताची सापडली नाही. सगळं लिहून झाल्यावर आप्पा वहीकडं बघत बसले. तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, "आन्‌ मी खुरपलेलं कुठं धरलंय त्यात?"

धरलेलं नव्हतं. तीस वर्षांत कधीच धरलेलं नव्हतं.

हमीभाव ठरवताना कृषी मूल्य आयोग जो खर्च बघतो, त्यात घरच्या माणसांची मजुरी धरायची असते. तो नियमच आहे. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता, तो त्याच हिशोबावर उभा होता. म्हणजे सरकारच्या कागदात काकूंच्या खुरपणीला जागा आहे, आमच्याच घरच्या वहीत नव्हती. त्या दिवशी मला जरा लाजच वाटली.

म्हणून मी तुम्हाला मोर्चा काढा असं सांगत नाही. काढायचा तर काढा, पण त्याआधी तीन सोप्या गोष्टी करा.

एक. या खरिपात घरचा खर्च मोबाइलमध्ये लिहा. पेरणीपासून पट्टीपर्यंत. प्रत्येक पावतीचा फोटो. घरच्यांचे दिवस पण मोजा, आईचे आधी.

दोन. एकट्याचा आकडा म्हणजे तक्रार, गावातल्या पन्नास घरांचा आकडा म्हणजे कागद. गटात, शेतकरी कंपनीत, नाहीतर ग्रामसभेत तो एकत्र करा.

तीन. तो कागद खासदाराकडं द्या आणि साधा प्रश्न विचारा: तेलाचं, पेंडीचं शुल्क बदलायच्या आधी पिकवणाऱ्याचा खर्च विचारात घेतला का, हे लोकसभेत विचाराल का? खासदाराच्या प्रश्नाला मंत्रालयाला उत्तर द्यावं लागतं. उत्तर द्यायला फाइल काढावी लागते. फाइल उघडली की आपला कागद आत जायला जागा होते.

 याऊंदेसाठी या कागदाला उशीर झाला. पण त्यानंतरही परिषदा होणार आहेत, आणि शुल्काचे निर्णय तर दिल्लीत वर्षभर चालू असतात. १९९४ च्या तक्त्यात ४५ लिहिलं गेलं तेव्हा आप्पा पंचविशीत होते, त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनाही पत्ता नव्हता. तुम्ही आज पंचविशीत आहात. तुम्हाला पत्ता आहे.

आमच्या वहीचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो. ती आता आप्पांच्या घरात देवळीत, पट्ट्यांच्या गठ्ठ्याशेजारी आहे. परवा फोन केला तर आप्पा म्हणाले, "हरभऱ्याचं पण लिहून ठेवलंय बरं का. काकूचे दिवस मोजलेत." मागून काकूंचा आवाज आला, "दोन दिवस कमी धरलेत त्यांनी!"

तुमच्या घरी क्विंटलमागं खर्च किती आला, ते व्हॉइस नोटमध्ये नक्की सांगा. "लई" सोडून कुठलाही आकडा चालेल. भेटू पुढच्या भागात. राम राम!